मेंदूतील अर्बुदांचे निदान आणि लिक्विड बायोप्सी : एक विवेचन

प्रस्तावना :
मेंदूतील अर्बुदाचे निदान ही वैद्यकशास्त्रातील एक कठीण समस्या मानली जाते. एमआरआय तपासणीमुळे गाठीचे स्थान, आकार व विस्तार कळतो. परंतु ती नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे निश्चित करण्यासाठी गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. स्तनातील गाठीतून सुईने नमुना घेणे तुलनेने सोपे असते. मेंदूच्या बाबतीत मात्र कवटीला छिद्र पाडावे लागते आणि सुईच्या मार्गात वाचा, दृष्टी किंवा हालचालीची केंद्रे असू शकतात. गाठ मस्तिष्कस्तंभात असल्यास श्वसन व हृदयक्रियेचे नियंत्रण करणाऱ्या भागालाच इजा होण्याचा धोका संभवतो. या पार्श्वभूमीवर शरीरातील द्रवातून गाठीचा शोध घेणाऱ्या लिक्विड बायोप्सी या पद्धतीचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
शरीरातील पेशी मृत होताना त्यांच्यातील डीएनएचे लहान तुकडे रक्तात मिसळतात. रक्तद्रवात असे मुक्त डीएनए असते, ही बाब मांदेल व मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ साली नोंदविली. कर्करोगाच्या पेशीही असेच तुकडे सोडतात आणि त्यांत त्या गाठीची विशिष्ट उत्परिवर्तने आढळतात. हे तुकडे रक्तात साधारणतः काही मिनिटे ते दोन तासांच्या अवधीत निम्मे होतात. त्यामुळे त्यांच्यावरून गाठीची जुनी नव्हे, तर त्या वेळची स्थिती समजते. फुप्फुसाच्या कर्करोगात उपचार निवडण्यासाठी अशा रक्तचाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली.

मेंदूच्या संदर्भातील अडचण :
हीच पद्धती मेंदूस जशीच्या तशी लागू पडत नाही. रक्त व मेंदू यांच्यातील अवरोध मेंदूचे रक्षण करतो. मात्र तोच गाठीतील डीएनए रक्तात येण्यास अडथळा ठरतो. विविध कर्करोगांच्या ६४० रुग्णांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वादुपिंड, मोठे आतडे इत्यादी अवयवांच्या प्रगत कर्करोगांत ७५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या रक्तात असा डीएनए सापडला. मेंदूच्या प्राथमिक अर्बुदांत मात्र हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी होते.

मस्तिष्क-मेरुद्रवाचा पर्याय :
या अडचणीमुळे संशोधकांचे लक्ष मेंदू व मेरुरज्जूभोवती असणाऱ्या मस्तिष्क-मेरुद्रवाकडे वळले. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि कंबरेच्या मणक्यांमधून सुईने काढता येतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ३५ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी २६ जणांच्या, म्हणजे ७४ टक्के रुग्णांच्या द्रवात गाठीचा डीएनए आढळला. परंतु ज्यांची गाठ द्रवाच्या जागेस लागून नव्हती, त्यांच्यात तो आढळला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लायोमाच्या ८५ रुग्णांपैकी ४२ जणांत असा डीएनए मिळाला. यावरून गाठीचे स्थान हा घटक किती निर्णायक आहे, हे लक्षात येते.

उपयुक्तता :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात मेंदूच्या अर्बुदांसाठी जनुकीय निकषांचा समावेश केला व २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांना अधिक महत्त्व दिले. आयडीएच जनुकातील उत्परिवर्तन आहे किंवा नाही, यावर आता ग्लायोमाचे नाव व रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते. मुलांच्या मस्तिष्कस्तंभातील गाठींत अनेकदा आढळणारे एच३ के२७एम हे उत्परिवर्तन द्रवातून ओळखता आल्यास मेंदूत सुई घालण्याचा धोका टळू शकतो. तसेच किरणोपचारानंतर एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसते, तेव्हा ती खरी वाढ आहे की उपचाराचा परिणाम, हे ठरविणे कठीण असते. अशा वेळी पुनःपुन्हा घेता येणारा नमुना साहाय्यभूत ठरू शकेल.

मर्यादा :
डीएनए न सापडणे म्हणजे गाठ नसणे नव्हे, ही सर्वांत महत्त्वाची मर्यादा होय. नकारात्मक अहवालावर विसंबून उपचार लांबल्यास रुग्णाची हानी होऊ शकते. कवटीतील दाब वाढलेला असताना कंबरेतून द्रव काढल्यास मेंदूचा भाग खाली सरकून जीवितास धोका उद्भवतो; म्हणजेच ज्या रुग्णास या पद्धतीची गरज आहे, त्याच्यासाठीच ती कधीकधी वर्ज्य ठरते. वाढत्या वयात रक्तपेशींत होणारी उत्परिवर्तनेही रक्तचाचणीत दिशाभूल करू शकतात. याशिवाय नमुना हाताळण्याच्या पद्धतींत एकवाक्यता नसणे व जनुकीय तपासणीचा खर्च हे प्रश्न आहेतच.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, लिक्विड बायोप्सी ही ऊतिपरीक्षेची जागा सर्वत्र घेणारी पद्धती नसून तिला पूरक ठरणारी पद्धती आहे. जेथे शस्त्रक्रिया शक्य आहे, तेथे गाठीचा तुकडा तपासणे हाच निदानाचा मुख्य आधार राहतो. जेथे सुई पोहोचविणे धोक्याचे आहे, तेथे मात्र द्रवाचे काही थेंब निदानाचा मार्ग खुला करू शकतात. सकारात्मक अहवालाचे मोल आणि नकारात्मक अहवालाचे अपुरेपण या दोहोंचे भान ठेवूनच या पद्धतीचा वापर होणे आवश्यक आहे.