तीन पत्तीचे गणित

श्रावण लागला की आमच्या घणसोली गावात पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. गोकुळाष्टमीच्या जागरणाला तर तीन पत्ती हवीच. टीव्हीवर पोकर पाहिलेली पोरे म्हणतात, "काका, आम्हाला पोकर शिकवा." मी म्हणतो, आधी ही शिका. गाभा तोच आहे: पाने झाकलेली ठेवून बोली वाढवत न्यायची.

प्रत्येकाने सुरुवातीला मध्ये टाकायची रक्कम म्हणजे बूट. मग तीन-तीन पाने वाटतात. न पाहता खेळणारा ब्लाइंड. पाने पाहिलेल्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. नको वाटले की पॅक. दोघेच उरले की शो मागता येतो.

सर्वांत वर ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन गुलाम. मग ओळीने येणारी तिन्ही बदाम किंवा तिन्ही किलवर, तो प्युअर सिक्वेन्स. त्याखाली साधा सिक्वेन्स, कलर, जोडी आणि शेवटी नुसते मोठे पान. गंमत पाहा, बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८; म्हणजे जास्त दुर्मीळ तेच खाली! पोकरच्या पाच पानांत कलर साध्या सिक्वेन्सला हरवतो, आपल्याकडे उलटे. पाच पाने एका रंगाची जमणे अवघड, तीन जमणे त्या मानाने सोपे.

पण मी आधी पाठ करून घेतो तो आकडा १६,४४०. एवढ्या संचांत साधी जोडीही नसते. चारांतले जवळजवळ तीन हात रिकामे! मोठी चाल देऊन समोरच्याला घाबरवता येते ते यामुळेच. त्याचाही हात बहुधा रिकामाच असतो. म्हणून पॅक करायला आधी शिकायचे, आणि तेही चिंचोके लावून. चिंचोका गेला तर माणूस हसतो, नोट गेली तर ती परत मिळवायला बसतो. सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा पैसा ज्या घरांत आला, तिथे असे बसणे फार महाग पडते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, तीन पानी फ्लशला मात्र निव्वळ नशिबाचा. मला हे पुरते पटत नाही. पाने नशिबाची, पण पॅक कधी करायचे ते आपल्या हातात असते. मोबाइलवर पैसे लावून खेळवण्याला मनाई करणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर कौशल्य की नशीब हा वादच ठेवलेला नाही.