मोठ्या कॅमेऱ्यात एक्स-रे फिल्म: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘एक्स-रे फिल्म कॅमेऱ्यात घालता? तिच्यावर तर हाडं उमटतात!’ काळ्या कापडाखाली डोकं घालून मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याला हे हमखास ऐकावं लागतं. ही फिल्म फक्त क्ष-किरणांना ओळखते, साध्या उजेडाशी तिचा संबंध नाही, अशी त्यामागची समजूत असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे.

क्ष-किरण फिल्ममधून बहुतांशी आरपार निघून जातात. नुसत्या फिल्मवर चित्र मिळवायचं तर रुग्णाला किरणांची फार मोठी मात्रा द्यावी लागेल. म्हणून दवाखान्यातल्या कॅसेटमध्ये फिल्मच्या दोन्ही अंगांना खास पडदे लावलेले असत. किरण पडले की पडदे चमकत, आणि फिल्म काळी होई ती मुख्यतः त्या चमकेने, म्हणजे उजेडाने. कॅल्शियम टंगस्टेटचे जुने पडदे निळे चमकत, गॅडोलिनियमचे नंतरचे पडदे हिरवे. त्यानुसार फिल्मही दोन जातींची: एक फक्त निळा उजेड टिपणारी, दुसरी निळ्याबरोबर हिरवाही टिपणारी. पडदे दोन, म्हणून फिल्मच्या दोन्ही बाजूंना इमल्शन. अशी दुहेरी लेपाची फिल्म कोडॅकने १९१८ साली बाजारात आणली. त्याआधी २२ डिसेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधणाऱ्या राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचं जे प्रसिद्ध चित्र घेतलं, ते छायाचित्रणाच्या काचेच्या प्लेटवरच होतं. दोन्ही माध्यमांचं नातं इतकं जुनं आहे.

दुसरी समजूत अशी की कृष्णधवल फिल्म म्हणजे कृष्णधवल फिल्म, त्यात वेगळं काय असणार? इथे मात्र नवखा माणूस फसतो. हिरव्या जातीची फिल्मसुद्धा लाल रंगाला आंधळी असते. कपाळावरचं कुंकू काळं येतं, भगवा फेटा गडद होतो, ओठ काळपट दिसतात, चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उठून येतो. निळं आकाश मात्र पांढरंफटक पडतं. सावळी त्वचा प्रत्यक्षापेक्षा एक-दोन छटा गडद उमटते. घरातल्या पणजोबांच्या फोटोत चेहरे जसे दिसतात, तसंच काहीसं हे रूप. कारण त्या काळच्या प्लेटही लाल रंग टिपत नव्हत्या. हा दोष आहे असं मी मानत नाही. वाऱ्यापावसाने रापलेला म्हातारा चेहरा या फिल्मवर जसा उभा राहतो, तसा आजच्या कुठल्याही सर्ववर्णी फिल्मवर राहत नाही. लग्नातला फोटो मात्र तिच्यावर काढू नये. आणि आकाश गडद करायला लाल फिल्टर लावलात, तर निगेटिव्ह कोरंच निघेल.

या आंधळेपणाचा मोठा फायदा डार्करूममध्ये होतो. साधी फिल्म ठार अंधारात धुवावी लागते. ही लाल दिव्याखाली धुता येते, चित्र डोळ्यांदेखत उमलतं आणि नेमक्या क्षणी बाहेर काढता येतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला गुरू नाही. दिवा खरोखर लाल हवा. निळ्या जातीला चालणारा पिवळट-नारिंगी दिवा हिरव्या जातीला धुकं आणतो.

वेगाबद्दलही घोटाळा आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘४००’ दिसलं की लोक प्रकाशमापक ४०० आयएसओवर लावतात. तो आकडा फिल्म आणि पडदा या जोडीचा आहे, त्याचा आयएसओशी संबंध नाही. दिवसाउजेडी हिरव्या फिल्मची सुरुवात ५० ते १०० आयएसओ धरून करावी. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात किंवा बल्बच्या उजेडात निळा-हिरवा भाग कमी असतो, पण मापकाला ते कळत नाही. तिथे एक-दोन स्टॉप जास्तच द्यावे लागतात.

‘नुसतं काळं आणि पांढरं येतं, मधल्या छटाच नाहीत’ ही तक्रार करणाऱ्याने बहुतेक वेळा दवाखान्याचाच डेव्हलपर वापरलेला असतो. तो हाडामासातला फरक ठळक करण्यासाठीच बनवलेला, तीव्र. तीच फिल्म रोडिनाल या डेव्हलपरच्या १ ला १०० अशा पातळ द्रावणात हळूहळू धुतली, तर छटा सापडतात. दोन्ही बाजूंच्या प्रतिमा एकावर एक पडून निगेटिव्ह दाट होतं, आणि सायनोटाइप किंवा सॉल्ट प्रिंटसारख्या जुन्या पद्धतींना असंच दाट, मोठं निगेटिव्ह लागतं.

ओरखडे हा खरा शत्रू. ओलं जिलेटिन फुगून मऊ होतं, आणि लेप दोन्हीकडे असल्यामुळे ट्रेच्या तळाला एक बाजू घासतेच. सुरुवातीला माझी कितीतरी निगेटिव्ह अशीच गेली. उपाय साधे आहेत: ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी, एका वेळी एकच फिल्म धुवावी, बोटांनी फक्त कडा धरावी. त्याहून सोपं म्हणजे जुन्या एक्स-रे विभागातली स्टीलची हँगर आणि उभ्या टाक्या मिळवाव्यात. त्यांत फिल्म लटकते, कशालाच टेकत नाही. फिक्स झालेल्या फिल्मची मागची बाजू ब्लीचने खरवडून काढण्याची युक्ती बरेचजण सांगतात. प्रतिमा थोडी धारदार होते हे खरं, पण ८ बाय १० इंचाच्या निगेटिव्हवरून त्याच मापाची कॉन्टॅक्ट प्रिंट काढणाऱ्याला तिची गरज नाही.

घरात अशी फिल्म ठेवणं धोक्याचं, तिच्यात किरण ‘साठलेले’ असतात, हे अगदीच निराधार. आगीची भीती मात्र एके काळी खरी होती. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या नायट्रेट एक्स-रे फिल्म पेटल्या आणि १२३ माणसं गेली. आजची फिल्म पॉलिस्टरची असते, तिला तसा धोका नाही. जुना एक्स-रे डोळ्यांसमोर धरून ग्रहण पाहणं मात्र खरोखर घातक आहे. ते कुणीही करू नये.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो: एक्स-रेच्या दुकानात मिळेल ती फिल्म चालते. दवाखाने डिजिटल झाल्यापासून हातात येते ती निळी शीट बहुधा ड्राय फिल्म असते. तिच्यावरची प्रतिमा प्रिंटरमधल्या उष्णतेने उमटते. कॅमेऱ्यातला उजेड आणि ट्रेमधला डेव्हलपर तिच्यावर काहीच घडवत नाहीत. आपल्याला हवी ती ‘वेट’, हिरव्या पडद्याची, ‘ग्रीन सेन्सिटिव्ह’ फिल्म. ८ बाय १० इंचाची घ्यावी. फील्ड कॅमेऱ्याच्या त्याच मापाच्या होल्डरमध्ये ती सरळ बसते. वागीश्वरीसारखा जुना फुल प्लेट कॅमेरा घरात असेल, तर लाल दिव्याखाली साडेसहा बाय साडेआठ इंच कापून घ्यावी. छायाचित्रणाच्या शीट फिल्मपेक्षा ती अनेक पटींनी स्वस्त पडते. पण तिची मागणी दरवर्षी घटते आहे आणि दुकानदार जुना साठा काढून टाकत आहेत. कॅमेरा धूळ खात पडला असेल, तर एक खोका आत्ताच शोधून ठेवा.