थंडरबर्डमध्ये पत्ते अनेक, इनबॉक्स एकच

सोसायटीच्या सचिवाचा एक पत्ता, क्लासचा दुसरा, घरचा तिसरा, पण सगळे मेल येतात एकाच इनबॉक्समध्ये? मग थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये तीन खाती उघडत बसू नका. अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज आयडेंटिटीज’ आहे. तिथे प्रत्येक पत्त्याला वेगळं नाव, वेगळी सही देता येते. मेल लिहिताना ‘फ्रॉम’वर क्लिक केलं की सगळे पत्ते समोर! उत्तर देताना तर मूळ मेल ज्या पत्त्यावर आला, तोच पत्ता थंडरबर्ड आपणहून लावतो. (मी तर यावरच फिदा आहे.)

एक मात्र बघाच: प्रत्येक आयडेंटिटीला तिचाच आउटगोइंग सर्व्हर जोडा. पत्ता एका डोमेनचा आणि सर्व्हर भलत्याचाच असेल, तर एसपीएफ-डीमार्कच्या (मेल खरंच त्या डोमेनच्या परवानगीने आला का, हे पाहणाऱ्या) तपासणीत मेल नापास होऊन स्पॅममध्ये जाऊ शकतो, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही.