मोटारीचा धूर आणि कराचा न्याय

'कर' हा दोन अक्षरांचा शब्द कानीं पडतांच गृहस्थाच्या कपाळास आठी पडावी, ही रीत फार जुनी आहे. तथापि आपल्या प्राचीनांनीं कर घेऊंच नये असें सांगितलेलें नाहीं. तो कसा घ्यावा एवढेंच सांगितलें. कालिदासानें रघुवंशांत दिलीप राजाच्या करग्रहणास सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषितो तें अनेक पटींनीं परत देण्याकरितां, हें त्या उपमेचें मर्म. आम्ही त्यांत आमच्या पदरचें एवढेंच घालूं इच्छितों कीं, सूर्य समुद्रावरून जितकें पाणी उचलतो तितकें अंगणांतील विहिरीवरून उचलीत नाहीं. मोटारीच्या धुरावर जो कर बसतो तो या दोन्ही कसोट्यांस उतरतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आपल्या राज्यांत मोटारीवरील कर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमानें घेतला जातो. नवी गाडी नोंदवितांना जो एकरकमी कर द्यावा लागतो, तो गाडीची किंमत व इंधन यांवर ठरतो. २०१० सालीं त्यांत 'पर्यावरण करा'ची भर पडली. खासगी गाडीस पंधरा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे नोंदणी नवी करून घेतांना हा कर भरावयाचा. कर बसला तेव्हां पांच वर्षांकरितां पेट्रोलच्या मोटारीस ३,००० रुपये व डीझेलच्या मोटारीस ३,५०० रुपये असा दर होता. शिवाय एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकारनें पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये केली. म्हणजे कराचें नांव पर्यावरणाचें, परंतु माप मात्र वयाचें!

आतां शाळेंतील साधें अंकगणित येथें लावून पाहूं. समजा, सातारा येथील एका एकत्र कुटुंबांत २०१० सालची पेट्रोलची लहान मोटार आहे. आजीबाईंस डोळे दाखविण्यासाठीं मिरजेस नेणें, लग्नकार्यास वाईस जाणें, एवढ्याच कामीं ती दारांतून निघते. वर्षाचे १,५०० किलोमीटर होतात. लिटरास १५ किलोमीटर धरल्यास १०० लिटर पेट्रोल जळतें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कर्बवायु हवेंत जातो. तेव्हां या घराचा वर्षाचा कर्बवायु २३० किलो. दुसरें कुटुंब सांगलीचें. त्यांची नवी, वजनदार मोटार लिटरास १० किलोमीटर जाते व वर्षास १५,००० किलोमीटर धांवते. तिचें पेट्रोल १,५०० लिटर व कर्बवायु ३,४५० किलो, म्हणजे पंधरा पट. पर्यावरण कर मात्र पहिल्या घरानें द्यावयाचा. दुसऱ्या घरास तो अद्यापि पंधरा वर्षें दूर आहे.

कोणी म्हणेल, 'कर्बवायूचें राहूं द्या. जुनी गाडी विषारी धूर अधिक ओकते त्याचें काय?' आक्षेप रास्त आहे, म्हणून तोही हिशेब करूं. पेट्रोलच्या मोटारीनें नायट्रोजनचे घातक वायु किती सोडावे याची मर्यादा 'भारत स्टेज तीन' या मानांत किलोमीटरास १५० मिलिग्रॅम होती. एप्रिल २०२० पासूनच्या 'भारत स्टेज सहा' मानांत ती ६० मिलिग्रॅम आहे. या मर्यादा धरल्या तर जुन्या गाडीचे वर्षाचे २२५ ग्रॅम होतात व नव्या गाडीचे ९००. जुन्या इंजिनाची झीज लक्षांत घेऊन तिचा आंकडा दुप्पट केला, तरी तो नवीच्या निम्माच भरतो. कारण धूर हा दोन संख्यांचा गुणाकार आहे: किलोमीटरामागें किती व किलोमीटर किती. आजचा कर पहिली संख्या वयावरून अंदाजानें घेतो व दुसरीकडे पाहतच नाहीं.

परंतु वयाचा विचार अगदींच पोकळ आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. डीझेलच्या मोटारीच्या काजळीची मर्यादा स्टेज तीनमध्यें किलोमीटरास ५० मिलिग्रॅम होती, ती स्टेज सहामध्यें साडेचार मिलिग्रॅम झाली; म्हणजे जुनीस नवीच्या अकरा पट मोकळीक होती. अशी जुनी डीझेल मोटार रोज भाड्यानें धांवत असेल, तर तिच्यावर भारी कर बसणें योग्यच होय. मग पेट्रोल आणि डीझेल यांच्या करांत अवघा ५०० रुपयांचा फरक कां असावा?

आणखी एक गोष्ट सातारा-सांगलीकरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २०१० मध्यें स्टेज चार हें अधिक स्वच्छ मान देशांतील तेरा शहरांस लागू झालें. त्यांत पुणें व सोलापूर होतीं. सातारा व सांगली नव्हतीं. साऱ्या देशास तें मान एप्रिल २०१७ मध्यें लागू झालें. म्हणजे २०१० सालीं ज्या सातारकरानें आपल्या गांवीं नवी मोटार घेतली, त्यास कायद्यानेंच स्टेज तीनची गाडी पुरेशी ठरविली होती. तीच गाडी २०२५ सालीं पंधरा वर्षांची झाली, तेव्हां 'तुझी गाडी जुन्या मानाची' म्हणून दंडाचा बोजा त्याच्या माथीं. ज्या गोष्टीची निवड त्याच्या हातीं नव्हती तिचा दोष सर्वस्वीं त्याचा कसा म्हणावा?

येथवर आपण मोटारवाल्यांतील आपसांतील न्याय पाहिला. परंतु या वादांत तिसरा पक्ष आहे, व तो बहुधा मुका असतो: ज्यास मोटारच नाहीं तो. सांगलीच्या बाजारपेठेंत पदपथावर भाजी घेऊन बसणारी बाई, सायकलीवरून शाळेस जाणारा मुलगा, एस्. टी. ची वाट पाहणारा म्हातारा. कर कोणीही देवो वा न देवो, धूर हेच घेतात. तेव्हां 'जुन्या गाडीस कर नको' एवढेंच म्हणून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. ज्यानें बिघडविलें त्यानें भरून द्यावें, हें तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालच्या वेल्लोर येथील कातडी-कारखान्यांच्या खटल्यांत मान्य केलेलेंच आहे. प्रश्न तत्त्वाचा नसून मापाचा आहे.

मग योग्य माप कोणतें? आमच्या मतें कर्बवायूपुरता पेट्रोल-डीझेलवरील कर हेंच सर्वांत सरळ माप होय. जो अधिक धांवतो, जड गाडी हांकतो, तो अधिक जाळतो आणि आपोआप अधिक देतो. तेथें लबाडीस जागा नाहीं. विषारी धुराकरितां मात्र वयाऐवजीं गाडीचें नोंदलेलें मान घ्यावें, व धूर-तपासणीच्या वेळीं धांवेचा आंकडा टिपून त्या दोहोंच्या गुणाकारावर कर आकारावा. धांवेच्या आंकड्यांत कोणी फेरफार करील हें भय खरें; पण दर तपासणीस तो नोंदला गेला तर लबाडी पकडणें सोपें जाईल.

विजेच्या गाडीचाही प्रश्न आहे. तिला धुराडें नाहीं, म्हणून करांत सूट देणें प्रारंभीं योग्य. परंतु रस्ता तर तीही वापरते. इंग्लंडांत २००१ पासून मोटारीवरील कर कर्बवायूच्या प्रमाणांत बसूं लागला. तेथें विजेच्या गाडीस दिलेली माफी एप्रिल २०२५ पासून संपली. सवलत ही पायरी असते, मुक्काम नव्हे, हें आपणही आधींच ठरवून ठेवावें.

शेवटीं कालिदासाच्या सूर्याकडे वळूं. माण-खटाव, जत, आटपाडी या भागांतील खेड्यांत रात्रीं कोणी आजारी पडलें तर जुनी मोटार हीच रुग्णवाहिका होते. तेथील गृहस्थाकडून घेतलेला धुराचा पैसा जर त्याच तालुक्यांत एस्. टी. ची एखादी जादा फेरी होऊन परत आला, तर तो कर त्यास जाचणार नाहीं. आणि बाजारांतील भाजीवालीसही त्याचा वांटा पोहोंचेल. पैसा कोठें गेला हें न कळणें, हेंच कराविषयींच्या कटुतेचें मोठें कारण असतें.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, घरांत या कराचा विषय निघाला म्हणजे नुसता त्रागा करूं नये. मुलांकडून आपल्या गाडीचा वर्षाचा हिशेब मांडवून घ्यावा: किलोमीटर किती, लिटर किती, त्यांतील टाळतां येण्याजोगे किती. मग तो कागद हातीं घेऊन आपल्या प्रतिनिधीस दोन प्रश्न विचारावे: आमच्या धुराचें माप वयावरून कां घेतां, आणि घेतलेल्या पैशाचें आमच्या जिल्ह्यांत काय केलें?