शाळेचा कारकून आणि त्याचें जनरल रजिस्टर



शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें फळा, घंटा आणि गुरुजी उभे राहतात. मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली असते. तींत लोखंडी कपाटें, कापडांत बांधलेले गठ्ठे आणि अलीकडे एक संगणक असतो. ती खोली सहसा कोणाला आठवत नाहीं. तेथें बसणाऱ्या माणसाच्या दिवसाविषयीं आज मी बोलणार आहें. सरकारी कागदांत तो कनिष्ठ लिपिक, गांवांत तो ‘क्लार्कसाहेब’, आणि पगाराला उशीर झाला म्हणजे शिक्षकांच्या खोलींत त्याला काय म्हणतात तें येथें सांगण्याची गरज नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतील एका माध्यमिक शाळेंत मागें जून महिन्यांत मीं असा एक दिवस बसून काढला. सकाळींच खिडकीशीं एक बाई आल्या. “साहेब, पोराचा दाखला आजच पाहिजे बघा, उद्या शेवटची तारीख हाय.” “देतो मावशी, बसा; सहीला हेडसर तर येऊं द्या,” असें म्हणून कारकून उठला आणि त्यानें आधीं जाऊन घंटा दिली. शिपाई निवृत्त झालेला. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयानें अनुदानित खाजगी शाळांतील शिपायाच्या पदाऐवजीं शिपाई-भत्ता देण्याचें ठरलें. पण भत्ता कांहीं उठून घंटा देत नाहीं. तो परत येतो तों दूरध्वनि वाजत होता, वरिष्ठ कार्यालयास कसलीशी माहिती ‘तात्काळ’ हवी होती, आणि दारांत दोन शिक्षक पगारबिलाची चौकशी करीत उभे होते.

ही धांवपळ सर्वांस दिसते, आणि कारकुनाचा ताण तो हाच असें आपण समजतों. मला तें अर्धेंच खरें वाटतें. कामाची रास माणूस उपसूं शकतो. या माणसाचा खरा जाच निराळा आहे: जें त्यानें लिहिलें नाहीं, त्याबद्दल त्याला रोज उत्तर द्यावें लागतें.

त्याच्या कपाटांत जनरल रजिस्टर नांवाची एक जाडजूड वही असते. प्रवेशाचा अनुक्रम, मुलाचें पूर्ण नांव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकीं आणि अक्षरीं, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख व कारण, इतक्या गोष्टी एका ओळींत मावतात. शाळा सोडल्याचा दाखला ही या ओळीची नक्कल होय. मूळ ओळींत एक काना वाढवावयाचा झाला तरी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. कारकुनास तो अधिकार नाहीं. लोकांना मात्र वाटतें कीं लेखणी त्याच्या हातांत आहे, मग हा अडवतो कां?

आणि ती ओळ पूर्वीं कशी लिहिली गेली हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. बाप मुलाला हाताशीं धरून शाळेंत येई. जन्म कधींचा म्हणून विचारलें तर “दुष्काळाच्या साली” किंवा “नागपंचमीच्या आसपास” एवढेंच सांगे. गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवीत आणि १ जून ही तारीख घालीत. आमच्या वडिलांची तारीखही तीच. एका पिढींतील निम्मीं माणसें एकाच दिवशीं जन्मलीं कीं काय असें वाटावें! त्या सोयीच्या तारखेवर नोकऱ्या लागल्या आणि निवृत्तीचे दिवस ठरले. त्या गुरुजींस आज कोणी विचारूं शकत नाहीं. विचारतात तें खिडकींतल्या माणसाला.

जातीच्या रकान्याचें ओझें याहून जड आहे. महाराष्ट्रांत जातीचें प्रमाणपत्र मिळवितांना ठराविक दिवसाच्या आधींचा पुरावा महत्त्वाचा असतो: अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठीं २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरांत शेताचा उतारा नाहीं, त्या घरीं आजोबा दोन इयत्ता शाळेंत गेले होते एवढाच काय तो पुरावा असतो. मग नातू शाळेच्या खिडकीशीं येतो. आजोबांच्या नांवापुढें जात लिहिलेली असली तर त्याची वैद्यकीय महाविद्यालयाची वाट मोकळी; रकाना रिकामा असला, शाई उडाली असली किंवा तें पान वाळवीनें खाल्लें असलें, तर कारकुनाला त्याच्या तोंडाकडे पाहून ‘नोंद आढळत नाहीं’ असें लिहून द्यावें लागतें. हे तीन शब्द लिहितांना हात जड होतो, असें त्यानें मला सांगितलें.

आपल्या जिल्ह्यांत यांत आणखी एक गुंता आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्या काळचें दप्तर कांहीं उर्दूंत, कांहीं मोडींत. सन फसली, महिने आजूर, दै, बहमन असे. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानानें इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. सप्टेंबर २०२३ मध्यें मराठवाड्यांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि ज्या कपाटांकडे कोणी पाहत नव्हतें तीं एकाएकीं उघडलीं. जुन्या शाळांच्या कारकुनांस पानन्‌पान चाळून अहवाल द्यावे लागले. उर्दू व मोडी जाणणारीं माणसें विरळा. बाहेर एक समाज वाट पाहतो आहे, दुसरा शंकेनें पाहतो आहे, आणि मध्यें हा एकटा, न वाचतां येणाऱ्या ओळींवर बोट फिरवीत बसलेला.

निदान तेथें पान तरी होतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंपानें आजच्या लोहारा तालुक्यांतील सास्तूर व आसपासचीं गांवें कोसळलीं. अशा ढिगाऱ्याखालीं ज्याचे कागद गेले, त्याला आपण कोण हें पुढें पुन्हां सिद्ध करावें लागतें.

संगणक आला तेव्हां हा भार हलका होईल अशी आशा होती. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालींत प्रत्येक मुलाची माहिती भरली जाऊं लागली. पण आतां एका मुलाचीं दोन नांवें झालीं: एक रजिस्टरांतलें, एक आधारपत्रावरचें. इंग्रजी वर्णांत एका अक्षराचा फरक पडला तरी यंत्र मुलाला ओळखत नाहीं. आधार न जुळलेला विद्यार्थी संचमान्यतेच्या हिशेबांत अडतो; पट कमी भरला कीं एखाद्या शिक्षकाचें पद कमी होतें. म्हणजे शेजारच्या टेबलावर चहा पिणाऱ्या सहकाऱ्याची नोकरी या माणसाच्या टंकण्यावर अडकते. आणि त्या मुलाचे आईबाप कोठें असतात? कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास कितीक कुटुंबें ऊसतोडीला जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. आधार दुरुस्त करण्यास बोलवावें तर बाप दोन जिल्हे ओलांडून फडांत कोयता चालवीत असतो.

थोडें बरें वर्तमानही सांगतों. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, त्या दिवसापासून पुढें जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशाच्या वेळीं जन्मतारखेसाठीं जन्मप्रमाणपत्र हाच पुरावा. हीं मुलें २०२९ च्या सुमारास पहिलींत येतील आणि १ जूनची गंमत संपेल. आपल्या जिल्ह्याचें नांवही त्याच २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव झालें. शिक्के बदलले; रजिस्टरांतील जुन्या नोंदींत जन्मस्थान उस्मानाबाद तें उस्मानाबादच.

ज्या श्रोत्यांस जुनी नोंद काढावयाची असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: जनरल रजिस्टर नांवांच्या अकारविल्हे क्रमानें नसतें, प्रवेशाच्या अनुक्रमानें असतें. ‘आमचे आजोबा इथें शिकले’ एवढ्यावर शोध लागत नाहीं. अजमासे कोणत्या सालीं शाळेंत गेले, कोणत्या इयत्तेपर्यंत शिकले, तेव्हां आडनांव लावीत होते कीं नुसतें बापाचें नांव, हें घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून जावें. जून महिना सोडून जावें. मुलगा शाळेंत असतांनाच त्याची ओळ आपल्या डोळ्यांनीं एकदां वाचून घ्यावी. दुरुस्ती तेव्हां सोपी असते, मागाहून फार कठीण.

त्या बाईंना दाखला दुपारीं तीनला मिळाला. दाखल्यावर आईच्या नांवांत एक वेलांटी चुकली होती. रजिस्टरांतही ती तशीच होती.