पंखा मोठा, धूर तेवढाच

सोलापुरात मटणाची नवी खानावळ निघाली की भटारखान्याचा आराखडा बहुधा मालक आणि फॅब्रिकेटर चहा पिता पिता ठरवतात. पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार येते. फोडणी पडली की बाहेर गिऱ्हाईक खोकतं, तव्यापाशी भाकरीवाल्या मावशींचे डोळे चुरचुरतात. त्यावरचा उपायही ठरलेला: "एक्झॉस्ट छोटा पडतोय, मोठा टाका."

नाही हो! बहुतेक वेळा पंखा पुरेसा असतो, त्याला ओढायला हवाच मिळत नाही.

जेवढी हवा बाहेर जाणार तेवढी कुठून तरी आत यायला हवी, हे शाळेतलं विज्ञान. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की एसीची थंडी निसटू नये म्हणून हॉलचं दार बंद, माश्या नकोत म्हणून मागचं दार बंद, धूळ नको म्हणून खिडक्याही बंद. आतला दाब घसरतो आणि पंखा नुसता घुमत राहतो. मग तो मिळेल तिथून हवा ओढतो: हॉलच्या एसीतून, भांडी घासायच्या मोरीतून, संडासाच्या बोळातून. अस्वच्छ जागेतली हवा स्वच्छ जागेकडे येऊ नये, असं एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना नियमांतलं परिशिष्ट ४ स्पष्ट सांगतं. आपण मात्र पैसे मोजून नेमकं तेच घडवतो. लाकूड-कोळशाची भट्टी असेल तर चिमणीतला धूर उलटा आत येतो, आणि त्याच्यासोबत वास नसलेला, जीवघेणा कार्बन मोनॉक्साइडही.

त्यात विजेचा हिशेब वेगळाच. त्याच पंख्याचे फेरे वाढवून दुप्पट हवा ओढायची तर ताकद दुप्पट नाही, आठपट लागते. पंख्यांच्या कोणत्याही तांत्रिक पुस्तिकेत हा नियम सापडेल.

खात्री करायला फुकटची युक्ती आहे. ऐन गर्दीत मागचं दार सताड उघडा. धूर निवळला, तर पंखा निर्दोष. मग पैसे घालायचे ते ताजी हवा आत आणणाऱ्या दुसऱ्या पंख्यावर. बाहेर जाणाऱ्या हवेच्या ८० ते ९० टक्के हवा त्याने द्यावी. उरलेली हॉलकडून येऊ द्यावी, म्हणजे रश्श्याचा वास हॉलमध्ये घुसत नाही. ही हवा संथ सोडायची. थेट हूडखाली झोत मारला तर वर जाणारा धूरच फाकतो. आणि इथे सोलापूरचं कोरडं ऊन चक्क कामाला येतं. आत येणारी हवा डक्टिंग कूलरमधून घेतली तर मेच्या दुपारी ती दहा-बारा अंशांनी सहज उतरते. रत्नागिरीच्या दमट हवेत हे जमणार नाही. पावसाळ्यात पाणी बंद, नुसता पंखा.

हूडही शेगडीएवढाच करून चालत नाही. कडेने अर्धा फूट तरी बाहेर हवा. फिल्टर आडवे ठेवू नयेत. ते किमान ४५ अंशांच्या उतारावर असावेत, असं अमेरिकेतलं एनएफपीए ९६ हे मानक सांगतं. नाहीतर साठलेलं तेल परत कढईत ठिबकतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. गॅसचा अलार्म छताजवळ लावतात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, अलार्मही तिथेच हवा. छतापर्यंत टाइल्स म्हणजे स्वच्छता? घाण धरतो तो फरशी आणि भिंतीचा कोपरा, त्याला गोलाई द्या. भटारखाना जितका ऐसपैस तितका बरा? मग प्रत्येक ताटामागे आचाऱ्याची पावलं मोजा. शेगडी आग्नेयेला हवी तर खुशाल ठेवा, पण कच्चं मटण आणि तयार ताट एकाच ओट्यावरून फिरत असेल तर दिशा काय करणार?

फॅब्रिकेटरला एवढंच विचारा: हवा बाहेर किती आणि आत किती? त्याने एकच आकडा सांगितला तर आगाऊ रक्कम देऊ नका.