गळा बाहेर पडतो, आवाज मागे राहतो

पालीला बल्लाळेश्वराच्या देवळात एक भली मोठी घंटा आहे. बनावट पोर्तुगीज. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या स्वारीतून आलेल्या घंटांपैकी ही एक, आणि ती त्यांनीच देवाला वाहिली, असं परंपरेने सांगतात. चर्चसाठी ओतलेली घंटा इतकी वर्षं गणपतीच्या दारात वाजते आहे. धनी बदलला, गाव बदललं, नाद धातूबरोबर आला. घंटा ज्याची, नाद त्याचा.

माणसाच्या गळ्याचं तसं नाही. ते किती वेगळं आहे, हे समजलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो.

देवळातून बाहेर पडलं की पोह्याचे पापड आणि मिरगुंडांची दुकानं लागतात. तिथे कर्ण्यावर हटकून एक गाणं कानी पडतं. १९७९ सालच्या ‘अष्टविनायक’ चित्रपटातलं, आठही गणपतींचा महिमा सांगणारं. आपल्याला ऐकू येतं ते एक गाणं. कायद्याला मात्र तिथे तीन वेगवेगळ्या वस्तू दिसतात. पहिली, जगदीश खेबुडकरांचे शब्द. दुसरी, अनिल-अरुण यांची चाल. तिसरी, ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत गायकांच्या गळ्यातून आणि वाद्यांतून निघून फितीवर उमटलेला नेमका तो आवाज. या तिघांचं आयुष्यही वेगवेगळं. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. खेबुडकर २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. चाल दोघांची, म्हणून मोजणी शेवटी गेलेल्यापासून. अनिल मोहिले २०१२ मध्ये गेले, म्हणजे २०७२ अखेर. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, म्हणून त्याचा हक्क २०३९ संपताच सुटेल. आवाज आधी मोकळा होणार आणि शब्द त्यानंतर ३२ वर्षांनी!

आता आपल्या आसपासच्या भजनी मंडळांकडे वळू. बुवा, पेटीवाले, पखवाजी, टाळकरी, मागे कोरस धरणारे दहा-बारा जण. कॅसेटच्या दिवसांत कोकणातल्या कितीतरी मंडळांनी, कोळीगीतं गाणाऱ्या संचांनी, शाहिरांच्या पार्ट्यांनी कुठल्या ना कुठल्या कंपनीकडे गाणी दिली. कॅसेटची सीडी झाली, सीडीचं यूट्यूब झालं, कंपनी तीच राहिली. अशा मंडळांत आज प्रश्न निघतो, की इतक्या वर्षांची कंपनी सोडावी का? गाणी आपली, आवाज आपला, मग त्यांच्याकडे कशाला राहायचं?

‘कंपनी सोडणं’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला नवा नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर ही केवढी जुनी, केवढ्या नावाची कंपनी! पण बालगंधर्व निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचं गाणंही निघालं. नव्या कंपनीच्या रंगमंचावर तीच सुभद्रा उभी राहिली, तोच गळा गायला. जुन्या कंपनीला पडदे ठेवता आले, पेट्या-कपडे ठेवता आले, गाणं कोंडून ठेवता आलं नाही. नाटकातलं गाणं रोज रात्री नव्याने जन्मायचं आणि पडदा पडला की विरून जायचं. मागे उरायला त्याला जागाच नव्हती.

ती जागा तबकडीने दिली. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत आवाज राहू लागला आणि गाणाऱ्यापासून सुटी झालेली, विकता-विकत घेता येणारी एक वस्तू तयार झाली. बुवा मंडपात रात्रभर गातात तेव्हा ही वस्तू नसते. कोणी ते गाणं मुद्रित करतो त्या क्षणी ती जन्माला येते, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचा पहिला मालक ठरतो निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते मुद्रण घडवून आणलं तो. गाणारा नव्हे! कंपनीने स्टुडिओ घेतला, वादकांचे पैसे दिले, तर मूळ मुद्रण जन्मापासूनच कंपनीचं.

घरात जुनी कॅसेट असेल तर तिचं आतलं कार्ड काढून बघा. वर देवाचं चित्र, बुवांचा फेटा बांधलेला फोटो. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन खुणा सापडतील, वर्तुळातला ‘सी’ आणि वर्तुळातला ‘पी’. ‘सी’ची ओळख सगळ्यांना असते. ‘पी’ म्हणजे फोनोग्राम, खास ध्वनिमुद्रणाची खूण. १९६१ च्या रोम इथल्या आंतरराष्ट्रीय कराराने ती रूढ केली. त्या ‘पी’पुढे ज्याचं नाव, त्या आवाजाचा तो धनी. बुवांचं नाव वर मोठ्या अक्षरांत असतं. ‘पी’पुढे बहुधा कंपनीच असते.

म्हणून कंपनी सोडताना गळा बाहेर पडतो आणि आवाज मागे राहतो. मंडळाने आपलंच वीस वर्षांपूर्वीचं भजन आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं तरी कंपनीचा दावा येऊन थडकू शकतो. यूट्यूबची तपासणी करणारं यंत्र गाणाऱ्याला ओळखत नाही, नोंदवलेल्या मुद्रणाशी आवाज जुळतो का एवढंच तपासतं.

कधीकधी तर नावही मागे राहतं. अमेरिकेतल्या जॅक्सन फाइव्ह या भावंडांच्या संचाने १९७५ साली मोटाउन ही कंपनी सोडायचं ठरवलं. मोटाउनने सांगितलं, जा, पण ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव आमचं. सख्खे भाऊ, बापाचं आडनाव, तरी त्यांना ‘द जॅक्सन्स’ म्हणून नव्याने उभं राहावं लागलं. एक भाऊ, जर्मेन, मोटाउनमध्येच थांबला, कारण मालकाची मुलगी त्याची बायको होती. नातीसुद्धा अशी करारात अडकतात.

आपल्याकडे गाणाऱ्याचा वाटा मान्य व्हायला फार वेळ लागला, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे, म्हणून लता मंगेशकर साठच्या दशकात अडून बसल्या. एकदा मानधन घेतलं की आपला हक्क संपला, असं महंमद रफींचं मत. त्या मतभेदापायी दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट-संगीताच्या हक्कांचा निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिपणी जोडून गाणाऱ्याच्या पदरी कायद्याने काहीच घातलेलं नाही, याकडे लक्ष वेधलं. कलावंताचा हक्क कायद्यात आला १९९४ मध्ये. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकाराला आणखी भक्कम संरक्षण दिलं. शब्द-चालीचे हक्क कंपनीच्या नावे केले तरी रॉयल्टीतला त्यांचा निम्मा वाटा आता करार करूनही सोडता येत नाही. त्याच २०१२ मध्ये लताबाईंनी स्वतःची संगीत कंपनी काढली. त्या वेळी त्या ८३ वर्षांच्या होत्या.

मग सोडावी का कंपनी? माझं मत असं, की रागाच्या भरात मुळीच नाही, आणि कागद वाचल्याशिवाय तर नाहीच नाही. १९९४ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतर हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. पण इथे बारकाई आहे. हा नियम तुम्ही कंपनीला दिलेल्या हक्कांना लागू. शब्द तुमचे, चाल तुमची, किंवा मुद्रण तुमच्या वर्गणीतून झालेलं आणि नंतर कंपनीला दिलेलं असेल, तर पाच वर्षांनी ते परत तुमच्याकडे येऊ शकतं. मुद्रण कंपनीनेच घडवलेलं असेल, तर ते तुम्ही दिलेलंच नाही, मग परत कुठून येणार? सगळा निकाल एका जुन्या प्रश्नावर येऊन थांबतो: त्या दिवशी स्टुडिओचं बिल कोणी भरलं?

तरीही एक दार उघडं राहतं, आणि मला त्याचंच सगळ्यात नवल वाटतं. तेच गाणं, तोच गळा, पण पुन्हा मुद्रित केलं तर ती पूर्णपणे नवी वस्तू! जगभर प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, नव्या मुद्रणाला तो नवा मिळतो. टेलर स्विफ्टने २०१८ मध्ये जुनी कंपनी सोडली, पुढच्याच वर्षी तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ मुद्रणं परस्पर विकली गेली. तिने २०२१ पासून ती गाणी पुन्हा गाऊन बाजारात आणली. २०२५ मध्ये मूळ मुद्रणंही तिने विकत घेतली. तिच्यापाशी पैसा होता, हे खरं. पण भजनी मंडळापाशी तिच्याकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे. तुकोबांच्या, ज्ञानोबांच्या अभंगांवर कोणाचाच मालकी हक्क नाही. पारंपरिक चालीवरही नाही. अमुक वर्षं हेच गाणं दुसरीकडे मुद्रित करणार नाही, असं करारात लिहून दिलेलं नसेल, तर मंडळ उद्या सकाळी तोच अभंग पुन्हा गाऊ शकतं, मुद्रित करू शकतं आणि ‘पी’च्या खुणेपुढे आपलं नाव घालू शकतं.

म्हणून माझा कौल असा. जी कंपनी हिशेब दाखवते, जुनी गाणी लोकांपर्यंत पोचती ठेवते, तिच्याकडे जुनी गाणी राहू द्यावीत. नवं मात्र एकही गाणं मालकीने देऊ नये, मुदत घालून वापरायला द्यावं. जी कंपनी हिशेबच दाखवत नाही, तिला नवं काहीच देऊ नये. स्वतःचं काव्य, स्वतःची चाल असलेल्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत नाव नोंदवावं, ही संस्था १९६९ पासून याच कामासाठी आहे. आणि मंडळाचं नाव ट्रेडमार्क म्हणून कंपनीने नोंदवण्याआधी मंडळाने नोंदवावं.

बुवा, माघी उत्सवाच्या तालमी सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढा. कपाटातला तो पिवळा पडलेला करार सगळ्या टाळकऱ्यांसमोर मोठ्याने वाचा. मुदत, मालकी आणि पुनर्मुद्रण ही तीन कलमं दोनदा वाचा. करार सापडत नसेल तर कंपनीकडे त्याची प्रत लेखी मागा, आणि ती हातात आल्याशिवाय नव्या कागदावर सही करू नका.